वाईट बातमीची खुर्ची

रामटेके साहेबांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसायचं असेल, तर वाईट बातमी आणावी लागे. चांगली बातमी आणणाऱ्याला भिंतीकडचा बाक होता, आणि नुसतं भेटायला आलेल्याला व्हरांडा. बांबूचे ठेकेदार बाकावर बसून गेले, सरपंच बसून गेले, शेजारच्या रेंजचे अधिकारी तर एकदा चहा होईपर्यंत व्हरांड्यात उभे होते. आणि रोपवाटिकेचं कुंपण मोडून गुरं आत शिरली हे सांगायला आलेला वनरक्षक त्या हातांच्या खुर्चीत अंग चोरून बसलेला, आणि साहेब त्याला सांगताहेत, "नीट टेकून बस गा पयले. मंग सांग."

मी त्या कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता. मी चंद्रपूरच्या परकोटाच्या आतली, टायपिंगची परीक्षा पास झालेली, कागद जिथल्या तिथे लागणारी. खुर्चीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही केली आणि सरळ तिच्यावर जाऊन बसले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. चेहरा उतरला. "काय झालं बाई?"

"काही नाही साहेब. रुजू व्हायला आले."

"मंग बाकावर बसा ना. जीव घाबरवून सोडला."

वनपरिक्षेत्र अधिकारी हे त्यांचं कागदावरचं पद. सगळा मुलूख त्यांना रेंजर साहेब म्हणे. मूळचे ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातले. वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, राबत. हे वनरक्षक म्हणून लागले आणि खात्याच्या परीक्षा देत देत रेंजर झाले. अंगानं सडसडीत, आवाज खालचा, डोळ्यांवर जाड काचा. रविवारी सकाळी गावातल्या विहारात जात, दुपारी कार्यालयात येऊन आठवड्याचं टपाल स्वतः उघडत. खाकी कपडे इस्त्रीचे, पण बुटांवर कायम धूळ. ते धूळ पुसत नसत. म्हणत, "धूळ नसली तं गार्ड लोक म्हणतीन, साहेब काई फिरत नाई."

खुर्चीची गोष्ट त्यांनी मला एकदा, रजेच्या अर्जावर सही करता करता सांगितली. वनरक्षक असताना त्यांनी जंगलात लागलेल्या आगीची खबर धावत जाऊन तेव्हाच्या साहेबांना दिली होती. साहेबांनी त्यांना उभं ठेवलं, तुझ्या हद्दीत आग लागलीच कशी म्हणून विचारलं आणि हातात कारणे दाखवा नोटीस दिली. "दुसऱ्या वेळी धूर दिसला," रामटेके साहेब म्हणाले, "तं मी दुसऱ्या पायवाटेनं निंगून गेलो. पायलंच नाई असं केलं. मले त्या दिवशी समजलं बाई, जंगल कायनं जळते थे."

आमच्या भागात आग कशानं लागते हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. मार्च-एप्रिलात मोह फुलतो. पहाटे फुलं गळून खाली पडतात, ती बायामुली टोपल्या घेऊन वेचतात. खाली वाळला पाला असला की फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन साफ करायची रीत आहे. पिढ्यानपिढ्या लोक हे करत आले, आणि बहुतेक वेळा ती आग झाडाखालीच विझते. एखाद्या वेळी वारा उठतो आणि ती सुटते. कायद्यानं तो गुन्हा. त्यामुळे सुटलेल्या आगीबद्दल गावातलं कोणी बोलत नसे, नोटिशीच्या भीतीनं वनरक्षक बोलत नसे, आणि कार्यालयाला आग कळायची ती डोंगर लाल दिसायला लागल्यावर.

मंगळवारी बाजार. बाजाराच्या निमित्तानं सगळे वनरक्षक, वनपाल आणि उन्हाळ्यापुरते आगीवर लावलेले रोजंदार यायचे, आणि साहेब आवारातल्या आंब्याखाली बैठक घ्यायचे. त्या बैठकीचं टिपण माझ्याकडे. वरून आलेली परिपत्रकं मी आधी वाचून ठेवायची आणि साहेबांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. प्रश्न ठरलेला: "यात उद्या सकाळी कोणी काय कराचं हाय?"

एकदा चांगलं जाडजूड परिपत्रक आलं. मी दोनदा वाचलं. "साहेब, यात उद्या सकाळी कोणी काहीच करायचं नाही."

"मंग परवा?"

"परवाही नाही."

"फायलीत लावून द्या. त्या गरिबानं मेहनतीनं लिवलं असन, जपून ठेवा."

ज्यात करण्यासारखं काही असे, ते मी दोन-तीन ओळींत उतरवून द्यायचे आणि साहेब बैठकीत आपल्या बोलीत सांगायचे. वाचून दाखवत नसत. सांगून झालं की समोरच्या एकाकडे बोट करत: "आता तू मले सांग." तो सांगे. काहीतरी हमखास निसटलेलं असे. त्यावर साहेब त्याला रागवत नसत. "म्या बराबर नाई सांगतलं" म्हणत आणि पुन्हा सांगत. हा प्रकार सगळ्यांना लागू होता. त्यांनी मला एखादं काम दिलं की मी ते उलट बोलून दाखवायचं, आणि मी त्यांना निरोप दिला की ते मला. पहिले काही आठवडे मला शाळेत परत बसल्यासारखं वाटलं. पुढे माझ्या लक्षात आलं, की आमच्याकडे कोणी साहेबाला "समजलं नाही" म्हणत नाही. मान हलवतात, "हव जी" म्हणतात आणि जाऊन शेजाऱ्याला विचारतात.

अशाच एका मंगळवारी, मोहाचा हंगाम तोंडावर असताना, त्यांनी जाहीर केलं. "आगीची खबर जो आणन, त्याले नोटीस नाई. कोणाच्याबी हद्दीत असो. खबर लहान असते तवाच आणा. मोठी झाली का थे मले इथूनच दिसते."

वनपाल भोयर हा आमच्याकडचा बोलका माणूस. त्याला गप्प बसून बैठक ऐकणं जमत नसे. तो म्हणाला, "साहेब, एक बोलू? ज्यानं लावली, त्यानंच खबर आणली तं?"

सगळे हसले. "भोयर भाऊ, तुमचाच विचार दिसते," कोणीतरी मागून म्हणालं.

साहेब हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी काचा पुसल्या, परत चढवला. "त्याले बी नाई," ते म्हणाले. "लिवा बाई."

मी लिहिलं.

त्याच बैठकीत त्यांनी खबर कशी द्यायची तेही ठरवून दिलं. कुठे लागली, केवढी आहे, वारा कोणीकडे आहे. एवढंच, आणि याच क्रमानं. कोणी लावली, का लावली, हे विझल्यावर. लोक सुरुवात नेहमी कारणापासून करत. "साहेब, काय झालं, आमची बकरी हरवली, म्हणून मी तिकडं गेलो..." साहेब हात वर करत: "बकरी नंतर. कुठी हाय सांग."

खबरा येऊ लागल्या. आधी दबकत, मग सरळ. खुर्ची रिकामी राहीना. वनरक्षक एकमेकांना बाजारात विचारत, "काय गा, भेटली का तुले खुर्ची?" आणि याच्यातून एक गोष्ट झाली, जी वर बसलेल्यांना उलटी दिसली. आमच्या नोंदवहीतल्या आगी वाढल्या. उपविभागाचे साहेब तपासणीला आले तेव्हा वही चाळून म्हणाले, "रामटेके, तुमच्याकडे इतक्या आगी कशा? शेजारच्या रेंजला तर जवळपास नाहीच."

"साहेब, जळालं किती थे बी पाहा," आमचे साहेब म्हणाले. "आगी पयले बी लागत होत्या. आता सांगून राह्यले."

उपविभागाच्या साहेबांनी जळालेल्या क्षेत्राचा रकाना पाहिला की नाही, मला आठवत नाही. ते निघताना बाकावरून उठले एवढं आठवतं.

एप्रिल लागल्यावर एका दुपारी रैनू मडावी आला. हा आगीवर लावलेला रोजंदार, नाल्याकडच्या टापूत राखण करी. वीस-बावीस वर्षांचा धष्टपुष्ट गडी. कोणाची तरी सायकल घेऊन आला होता. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. तो बसला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या..."

"कुठी हाय?"

"नाल्याच्या अलीकडं. मोहाच्या टेकाडावर."

"केवढी?"

"आपल्या या आवाराएवढी असन. गवतात उतरली."

"वारा?"

"बांबूकडं."

बांबूकडे म्हणजे त्या वर्षी तोडून, मोळ्या बांधून रचून ठेवलेला सगळा माल, आणि त्याच्या पलीकडे मजुरांच्या झोपड्या. साहेब उठलेच. "साहेब, पण आग तं..." रैनू म्हणत होता. "थे नंतर," म्हणत साहेबांनी त्यालाच जीपमध्ये पुढे बसवलं. भोयर मागच्या बाजूला चढला. वाटेत त्यांनी बांबूचे मजूर घेतले, गाडीवाटेवरचा पाला ओढून काढला आणि हिरव्या फांद्यांनी झोडपत आग त्या वाटेवर अडवली. गवत गेलं, थोडी झुडपं गेली. बांबूला आणि झोपड्यांना धग लागली नाही.

ऊन कलल्यावर सगळे परत आले, तोंडं काळी झालेली. साहेब रांजणापाशी तोंड धूत होते. रैनू त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. "साहेब, आता सांगू का?"

"सांग."

"मायनं लावली. माह्या मायनं. मोहाखाली पाला जाळून राह्यली होती, वारा उठला. मीच होतो तिथी. मी नाई म्हणाले पायजे होतं."

भोयर जीपला टेकून हे ऐकत होता. महिन्यापूर्वी त्यानंच विचारलं होतं, आणि ते विचारलेलं आता समोर येऊन उभं राहिलं होतं.

साहेबांनी तोंड पुसलं. "मायले भाजलं तं नाई ना?"

"पायाले थोडं."

"दवाखान्यात ने पयले."

दुसऱ्या दिवशी मी आगीची नोंद करायला घेतली. कारणाच्या रकान्यात सगळ्या रेंजमध्ये एकच शब्द असायचा: अज्ञात. तो लिहिला की कोणाला काही विचारता येत नाही. मी साहेबांना व्यवहारी सल्ला दिला. त्या वर्षी त्यांचं नाव बढतीच्या यादीत होतं. सहायक वनसंरक्षक होणारे ते त्यांच्या गावचे पहिले झाले असते. त्यांच्या धाकट्या भावानं तर गावात पेढ्यांचंही बोलून ठेवलं होतं. मी म्हणाले, "अज्ञात लिहिते साहेब. रैनूचं काम राहील, म्हातारीवर गुन्हा होणार नाही, तुमचंही काही बिघडणार नाही. तिन्ही गोष्टी साधतात."

साहेबांनी नोंदवही माझ्यासमोरून आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "बाई, खालच्यायले मी सांगतो खरं बोला. अन् वर मीच अज्ञात लिहू? मंग माह्यात अन् त्यायच्यात फरक काय राह्यला?"

"पण खरं लिहिलं तर रैनूला दिलेला शब्द मोडतो."

"तो बी मोडाचा नाई."

त्यांनी रैनूला बोलावून घेतलं, बाकावर बसवलं आणि काय लिहिणार ते आधी त्याला सांगितलं. "आता तू मले सांग," म्हणाले. रैनूनं अडखळत सांगितलं. "चालते का तुले?" रैनू म्हणाला, "तुमी म्हणता तं चालते." "असं नाई. मायले विचारून ये." तो गेला आणि तासाभरानं आला. माय म्हणते, लिवा.

मग त्यांनी मला मजकूर सांगितला. मोहफुलांसाठी पाला जाळताना आग सुटली. लावणारीच्या मुलानं तत्काळ खबर दिली, म्हणून बांबू आणि वस्ती वाचली. खबर देणाऱ्यावर कारवाई होणार नाही असं मी बैठकीत जाहीर केलं होतं. त्या शब्दाची जबाबदारी माझी. खुलासा मला विचारावा. मी टाइप केलं, त्यांनी सही केली आणि कागद त्याच दिवशीच्या बसनं गेला.

उपविभागाचे साहेब आठवड्याच्या आत जीप घेऊन हजर झाले. "रामटेके, हे काय आहे? राखणदाराला आजच काढा आणि त्या बाईवर गुन्हा नोंदवा. तुम्ही गुन्हेगाराला पाठीशी घालताय."

"साहेब, मी खबर आणणाऱ्याले पाठीशी घालून राह्यलो."

"तुम्हाला शब्द द्यायला सांगितला कोणी?"

"कोणी नाई."

"मग?"

"साहेब, याले काढलं तं उद्यापासून या टेबलावर खबर येणार नाई. तुमच्या वहीत आगी बंद होतीन. जंगलात नाई होणार. तुमाले कोणतं पायजे?"

मी माझ्या टेबलावर बसून ऐकत होते. साहेबांचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. उपविभागाचे साहेब जायला उठले आणि म्हणाले, "मी वर कळवतो. तुमचं तुम्ही बघा."

वाट पाहण्याचे ते आठवडे कठीण गेले. रैनू रोज कामावर येई आणि दारातून माझ्याकडे पाही; मी मान हलवे. साहेबांनी मात्र बैठका चुकवल्या नाहीत. एवढंच, की टपाल उघडताना त्यांचा हात पूर्वीपेक्षा हळू चाले.

शेवटी विभागाचं पत्र आलं. रैनूबद्दल आणि त्याच्या आईबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळं रामटेके साहेबांवर होतं. अधिकार नसताना आश्वासन दिल्याबद्दल गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा, आणि हंगाम संपल्यावर बदली चंद्रपूरला, आवक-जावक आणि अभिलेखांच्या शाखेत. बढतीच्या यादीतून नाव त्या वर्षी गळलं.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं, माझ्याकडे दिलं आणि विचारलं, "रैनूचं नाव कुठी हाय का यात?"

"नाही साहेब."

"त्याच्या मायचं?"

"नाही."

"मंग चांगलं पत्र हाय," ते म्हणाले. त्या दिवशी ते लवकर घरी गेले. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवरून ते दिसत होतं. पण त्या विषयावर आमच्यासमोर ते पुन्हा बोलले नाहीत.

निरोपाच्या दिवशी भोयरनं भाषण करायचं ठरवलं होतं आणि ऐनवेळी त्याला शब्द सुचेनात. "साहेब, माह्या जिभेनं तुमची बढती खाल्ली," एवढंच म्हणाला. साहेब म्हणाले, "तू विचारलं नसतं, तं मी ठरवलंच नसतं. चांगला प्रश्न होता." बसमध्ये बसल्यावर त्यांनी खिडकीतून मला राहिलेली कामं सांगितली, मी ती उलट बोलून दाखवली, आणि बस सुटली.

पुढे चार-पाच वर्षांनी त्यांना बढती मिळाली, उशिरा का होईना. चंद्रपूरच्या त्या शाखेतही त्यांनी टपालाची अशी व्यवस्था लावली होती, की कोणतं पत्र कोणाकडे अडलंय हे शिपायालाही सांगता येई. निवृत्तीनंतर ते ब्रह्मपुरीला राहिले आणि तिथेच वारले. मी आता स्वतः एक कार्यालय सांभाळते. नवीन माणूस रुजू झाला की त्याला काय काय सांगायचं याची माझ्याकडे यादी आहे. तिच्यात माझं स्वतःचं असं थोडंच आहे.

त्यांच्या बदलीनंतर आमच्याकडे आलेले साहेब तरुण होते, नागपूरचे, परीक्षा देऊन थेट अधिकारी झालेले. माणूस चांगला, पण जुन्या साहेबांच्या कामाबद्दल त्यांनी उपविभागात बरंच काही ऐकलं होतं. आल्या आल्या त्यांनी खोलीची मांडणी बदलली, मंगळवारची बैठक महिन्यावर नेली. भोयर म्हणायचा, "बाई, आता पाहा, कोणी येत नाई." मलाही तसंच वाटत होतं.

पुढच्या वर्षी मोह फुलायला लागला. एका सकाळी मी कार्यालय उघडलं तर व्हरांड्याच्या पायरीखाली तीन बाया बसलेल्या. पुढची रैनूची आई, जैनीबाई. पायावर भाजल्याचा डाग तसाच होता. आधी ती कधी कार्यालयाच्या आवारात आली नव्हती. नवे साहेब आले, त्यांनी दारातूनच मला विचारलं, "या कशाला आल्यात?"

"खबर द्यायला आल्यात साहेब."

साहेब वळले. जीपची किल्ली हातात घेतली. "कुठे लागली आग?"

मी जैनीबाईला विचारलं. तिनं नाल्याच्या बाजूला हात केला आणि अर्धं गोंडीत, अर्धं आपल्या बोलीत सांगितलं. मी ते तिला परत बोलून दाखवलं, तिनं मान डोलावली, मग साहेबांना सांगितलं. "अजून लागली नाही. उद्या लावणार आहेत. मोहाखालचा पाला, सकाळी, वारा उठायच्या आधी. माणसं पाठवाल का, विचारताहेत."

साहेबांनी किल्ली खिशात टाकली. मग व्हरांड्याची पायरी उतरून खाली गेले आणि त्यांनी जैनीबाईलाच विचारलं, "किती माणसं लागतील?"